स्फटिकाची जन्मनोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वायरीच जास्त होत्या. तिकडे तो एका छोट्या कंपनीत आहे. पोस्टकार्डाएवढ्या हिरव्या बोर्डावर चिपा बसवून केलेला संगणक चालता करायचा, हे त्याचे काम. रात्री जेवणे झाल्यावर त्याने तो बोर्ड टेबलावर मांडला, स्पीकर जोडला आणि मला खूश करण्यासाठी एक जुने मराठी भावगीत लावले. पहिल्या ओळीलाच मी म्हणालो, "अरे, आवाज खाली बसलाय. बाईंना सर्दी झाल्यासारखी वाटतेय."

"मामू, फाईल तीच आहे. माझ्या मोबाईलवर ऐका बघू."

मोबाईलवर गाणे काळी दोनमध्ये होते. बोर्डावर ते पांढरी दोनच्याही खाली उतरले होते, पण काळी एकपर्यंत पोचत नव्हते. दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेले गाणे. कवितेच्या मात्रा मोजायची जुनी खोड असल्याने मी घड्याळ लावले. तीन मिनिटांचे गाणे बोर्डावर तीन मिनिटे चौदा सेकंद चालले.

भाच्याने पडद्यावर आलेले सगळे संदेश वाचून काढले. एकाही ओळीत तक्रार नव्हती. यंत्राच्या समजुतीप्रमाणे सारे काही यथास्थित चालू होते. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. बिघडलेले यंत्र मी पुष्कळ पाहिले आहे. पण स्वतः चुकत असताना इतके निर्धास्त असलेले यंत्र प्रथमच पाहत होतो.

भाचा दोन रात्री त्याच्या मागे बसला आणि मी भाच्याच्या मागे. त्यानंतर काही महिने मी मिळेल ते वाचत राहिलो. मी साधा बी.ए., तोही मराठी घेऊन. या विषयात माझा अधिकार काही नाही. पण घड्याळ हा आमच्या घरचा विषय आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर अब्बांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. दुकानात एक लांबट वही असे. 'एच.एम.टी. जनता, सतरा ज्वेल, दिवसाला चार मिनिटे पुढे, काच नवी' अशा नोंदी त्यांनी मोडीवळणाच्या मराठीत केलेल्या. एकदा ते महिनाभर आजारी होते, तेव्हा चाचांनी केवळ त्या वहीवर दुकान चालवले. कोणते घड्याळ कसे आहे, हे घड्याळ सांगत नव्हते. वही सांगत होती. संगणकाच्या पोटातही अशीच एक वही असते, आणि ती कशी आली याचा मोठा इतिहास आहे, हे मला त्या दोन रात्रींत कळले.

आधी थोडे घड्याळाविषयी. संगणकातील प्रत्येक चिपेला चालण्यासाठी ठोका लागतो. हा ठोका देतो क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या जातीचा, एक इवलासा स्फटिक. अशा स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो, आणि त्याच्या कापणीप्रमाणे ठरलेल्या वेगानेच थरथरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो. तोच आपला सेकंद.

संगणकाला मात्र एका ठोक्याने भागत नाही. ध्वनीच्या चिपेला एक ठोका हवा. गाण्याच्या सीडीचा हिशोब सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा. त्याच्या २५६ पट म्हणजे १,१२,८९,६०० चा ठोका अशा चिपेला सहसा देतात. मोठ्या टीव्हीवर चित्र दाखवायचे तर ठोका सेकंदाला १४ कोटी ८५ लाखांचा हवा. प्रत्येकासाठी वेगळा स्फटिक बसवणे खर्चाचे. म्हणून बोर्डावर 'क्लॉक जनरेटर' नावाची एक वेगळी चिप बसवतात. तिच्या शेजारी एकच स्फटिक. त्याचा ठोका ती आधी कितीतरी पट वाढवते, मग प्रत्येकाला हवा तसा भागून देते. तबलजीने एकाच लयीत दुगुन, तिगुन, दीडपट काढावी, तसा प्रकार.

किती पट वाढवायचे आणि कितीने भागायचे, हे त्या चिपेला सांगतो कर्नल. हा लष्करातला कर्नल नव्हे. बदामाच्या आतल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे, तो हा. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत यंत्राचा कारभार पाहणारा कार्यप्रणालीचा गाभा. लिनक्स नावाची जी कार्यप्रणाली आहे, तिचा कर्नल आपल्या अँड्रॉइड मोबाईलमध्येही असतो.

आता अडचण पाहा. कर्नल या चिपेशी दोन बारीक तारांवरून बोलतो. ही दोन तारांची पद्धत हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. तारेवर प्रत्येक चिपेला एक क्रमांक असतो. '९६ नंबर' अशी हाक मारली तर त्या क्रमांकाची चिप 'हजर' म्हणते. बस्स. 'तू कोण, कुठल्या कंपनीची' असे विचारण्याची सोय त्या जुन्या रिवाजात नाही. बरे, समजा तिने आपले नाव सांगितलेच, तरी आपल्या शेजारी डाग देऊन बसवलेला स्फटिक केवढ्याचा आहे, हे तिला ठाऊक नसते. तिला ठोके येतात, पण सेकंद म्हणजे किती हे तिला कुठून कळणार? ते मोजायला दुसरे घड्याळ लागते. अब्बा रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधीचे आकाशवाणीचे 'पीप पीप' ऐकून दुकानातले भिंतीवरचे घड्याळ जुळवीत. बोर्डावरच्या स्फटिकाला असे आकाशवाणी केंद्र नसते.

तेव्हा कोणीतरी माणसाने हे लिहून ठेवायला हवे. कुठे लिहायचे आणि कोणी लिहायचे, यावर संगणकाच्या जगात तीसएक वर्षे खल झाला.

सुरुवातीला लिहायची गरजच भासली नाही, आणि त्याची कथा मजेदार आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला घरगुती संगणक, म्हणजे पी.सी., बाजारात आणला. त्यात सेकंदाला १,४३,१८,१८० ठोक्यांचा स्फटिक होता. हा विचित्र आकडा का? तर अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीची पद्धत ठरली, तेव्हा रंगाच्या लहरीसाठी ३५,७९,५४५ हा वेग मुक्रर झाला होता. त्याची चौपट केली की वरचा आकडा येतो. संगणक घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून हा स्फटिक घेतला, आणि दुसरा घ्यावा लागू नये म्हणून त्याच ठोक्याला तीनाने भागून प्रोसेसरला दिले, बाराने भागून वेळ मोजणाऱ्या चिपेला दिले. बाराने भागल्यावर येतात सुमारे ११,९३,१८२. इतर कंपन्यांनी आय.बी.एम.ची नक्कल केली, ती या आकड्यासकट.

पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या पी.सी.वर लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली. तिच्यात ११९३१८० हा आकडा सरळ लिहून टाकलेला आहे. नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे ११९३१८२ झाले. दोनाच्या या दुरुस्तीने आठवड्याला सुमारे एका सेकंदाचा फरक पडतो. अर्थात स्फटिकाची स्वतःची चूक बहुधा त्याहून मोठी असते. पण मला मौज वाटते ती अशी, की अमेरिकेतल्या टीव्हीच्या रंगांसाठी ठरवलेली संख्या फिनलंडच्या पोराने आपल्या कर्नलमध्ये लिहिली आणि जगभर पसरवली. त्या आकड्याची चौकशी करण्याचे कारणच नव्हते, कारण सगळे पी.सी. एकाच साच्यातले होते. गावात एकच आडनाव असले म्हणजे पोस्टमनला पत्ता लागत नाही, तसे.

दुसरीकडे कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीसमोर निराळा प्रश्न होता. तिच्या यंत्रात दुसऱ्या कंपन्यांची कार्डे बसवायची होती, आणि ती कोणती असतील हे आधी माहीत नव्हते. १९८९ च्या स्पार्कस्टेशन यंत्रापासून तिने एक युक्ती वापरली. तिचा मुख्य रचनाकार मिच ब्रॅडली. प्रत्येक कार्डाने आपली ओळख आपल्याबरोबर छोट्या प्रोग्रामच्या रूपात आणायची. यंत्र सुरू होताना या सगळ्या ओळखी गोळा करून त्यांचे एक झाड रचायचे. मुळाशी यंत्र, फांद्यांवर तारांचे मार्ग आणि पानापानांवर चिपा. मग कर्नलने ते झाड वाचायचे. १९९४ मध्ये ही पद्धत अधिकृत मानक झाली. पुढे ॲपलनेही ती काही वर्षे वापरली.

या ब्रॅडली यांच्या कामाचा आपल्या महाराष्ट्राशी एक धागा आहे. गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याची जी जागतिक योजना होती, तिच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीची व्यवस्था त्यांचीच होती. भारतातल्या त्या योजनेच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत झाला. त्या मुलांनी बटण दाबले की आत कुठेतरी ते झाड रचले जात असणार.

पण हे झाड आपोआप रचणारी व्यवस्था महाग आणि मोठी. छोट्या बोर्डांना ती परवडेना. तेव्हा २००५ च्या सुमारास पॉवर-पी.सी. जातीच्या यंत्रांसाठी बेंजामिन हेरेनश्मिट, डेव्हिड गिब्सन वगैरे मंडळींनी सोपा मार्ग काढला. झाड माणसानेच साध्या मजकुरात लिहायचे, ते आवळून एका छोट्या फाईलमध्ये भरायचे आणि सुरू होताना ती फाईल कर्नलच्या हातात द्यायची.

खरा गोंधळ उडाला तो एआरएम चिपांच्या जगात. एआरएमचा जन्म १९८५ चा, इंग्लंडमधील केंब्रिजचा. ही कंपनी चिपांचे आराखडे विकते. घेणारा आपापल्या सोयीने भोवती काय हवे ते जोडतो. त्यामुळे मोबाईल, राऊटर, टीव्हीवरचे डबे सगळ्यांच्या पोटात एआरएम, पण एकाचे घर दुसऱ्यासारखे नाही. प्रत्येक बोर्डाला एक नोंदणी क्रमांक मिळे, आणि त्या बोर्डाचे सगळे वर्णन, अगदी घड्याळांच्या तक्त्यांसकट, प्रोग्रामच्या भाषेत कर्नलमध्येच लिहिलेले असे. नवा बोर्ड आला की कर्नलमध्ये नवी फाईल. स्फटिक बदलला तरी कर्नल पुन्हा बांधा. हे म्हणजे गावात नवा भाडेकरू आला की राज्यघटनेत दुरुस्ती करण्यासारखे होते.

मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला. एआरएमचा हा सगळा पसारा म्हणजे डोकेदुखी आहे, असे त्यांनी जाहीर पत्रात लिहिले. मी सभ्य शब्द वापरला, त्यांनी वापरला नव्हता. मला ते पत्र आवडले. कधी कधी कुणीतरी मोठ्याने चिडल्याशिवाय घर आवरले जात नाही. पॉवर-पी.सी.वाल्यांचे लिहिलेले झाड एआरएमसाठी आणण्याची खटपट ग्रँट लाइकली आणि सहकारी आधीपासून करतच होते. तिला आता वेग आला. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीपासून वेगवेगळ्या एआरएम यंत्रांवर एकच कर्नल चालवण्याची सुरुवात झाली. बदलायचा तो फक्त सोबतचा कागद.

घड्याळांची व्यवस्था याच सुमारास लागली. तोवर कर्नलमध्ये घड्याळ म्हणजे काय याची प्रत्येक चिप-घराण्याची व्याख्या वेगळी होती. त्यामुळे चिपेच्या आतले घड्याळ आणि बाहेरचा क्लॉक जनरेटर यांची सोयरीक जुळत नसे. माइक टर्क्वेट यांनी सर्वांसाठी एक समान चौकट लिहिली. ती मे २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत आली. वर्षभराने, २०१३ मध्ये, सेबास्टियन हेसेलबार्ट यांनी एसआय-५३५१ या क्लॉक जनरेटरसाठी लिहिलेला भाग कर्नलमध्ये दाखल झाला. त्याचा पहिला उपयोग क्यूबॉक्स नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या चौकोनी संगणकात होता.

त्या क्यूबॉक्सच्या वर्णनाचा कागद भाच्याने मला दाखवला. दहावीच्या मुलालाही कळेल इतका तो साधा आहे. आधी स्फटिकाची नोंद: हा कायम वेगाचा स्फटिक आहे, सेकंदाला २,५०,००,००० ठोके. मग तारेवरच्या ९६ क्रमांकाची नोंद: इथे अमुक कंपनीची अमुक चिप आहे, तिचा पालक तो वरचा स्फटिक. तिच्या पोटात तिच्या मुलांच्या नोंदी: शून्य नंबरचा फाटा, दोन नंबरचा फाटा. दूर दुसऱ्या फांदीवर ध्वनीच्या चिपेची नोंद, आणि तिथे लिहिलेले की मला ठोका येतो तो त्या चिपेच्या दोन नंबरच्या फाट्यावरून. कर्नल हे वाचून वंशावळ लावतो. ध्वनीची चिप म्हणते, मला इतका वेग हवा. कर्नल झाडावर वर चढत जातो, पालकाचा वेग विचारतो, त्याच्या पालकाचा विचारतो आणि शेवटी स्फटिकाच्या आकड्यापाशी थांबतो. त्याच्या वर विचारायला कोणी नाही. तो आकडा खरा मानून सगळे गुणाकार-भागाकार होतात.

या कागदाचा एक दंडक आहे: काय आहे ते लिहा, काय हवे ते लिहू नका. स्फटिक २५ चा आहे, ही वस्तुस्थिती. ती इथे शोभते. कोणते गाणे कुठल्या वेगाने वाजवायचे, ही गरज. ती ज्याची त्याने ऐन वेळी मागावी. दंडक चांगला आहे, पण माणसे दंडकाला फटी शोधतातच. २०१४ मध्ये 'सुरुवातीला या घड्याळाचा वेग इतका ठेव' असेही या कागदात लिहिण्याची सोय झाली. आता ही नोंद की इच्छा? मला विचाराल तर इच्छाच. पण सोयीची आहे, म्हणून टिकली. पुढे २०१८ च्या आसपास हे कागद यंत्राकडून तपासून घेण्याचे नियम लिहायला सुरुवात झाली. एखादी नोंद राहिली का, आकड्याच्या जागी आकडा आहे का, हे आता आपोआप तपासता येते. आकडा खरा आहे का, हे मात्र येत नाही.

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७१ आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जूनच होती, कारण गुरुजी तीच घालत. अम्मी सांगायची की मी बहात्तरच्या दुष्काळात, थंडीत झालो. तेव्हा पाण्यासाठी विहिरीवर रात्री नंबर लावावे लागत. पण दाखल्यावरचा आकडा मूळ धरून पुढचे सगळे निघाले. मतदार यादी, नोकरी, विमा, सगळे त्या एका नोंदीची मुले-नातवंडे. २०२९ मध्ये मी त्याच हिशोबाने निवृत्त होणार, माझ्या खऱ्या वयाच्या दीड वर्ष आधी. कुठल्याही कार्यालयात माझ्या कागदांत विसंगती सापडत नाही. सगळे कागद एकमेकांशी जुळतात.

तर दुसऱ्या रात्री भाचा एकदम म्हणाला, "मामू, तीन मिनिटांचं गाणं नक्की किती चाललं होतं?"

"तीन मिनिटं चौदा सेकंद."

त्याने मोबाईलवर भागाकार केला. १९४ भागिले १८०, सुमारे एक पूर्णांक शून्य आठ. मग कुठलेतरी आकडे करून पाहिले आणि थांबला. २७ भागिले २५ केले, तरी उत्तर तेच. या जातीच्या क्लॉक जनरेटरला २५ चा स्फटिक चालतो, तसा २७ चाही चालतो. त्याने आपल्या बोर्डाचा कागद दुसऱ्या एका बोर्डावरून उतरवून घेतला होता. त्यावर स्फटिक २७ चा होता. कर्नल बिचारा २७ धरून हिशोब करत होता. खरे ठोके येत होते २५. सत्तावीसात दोन कमी, म्हणून प्रत्येक सूर तेवढा उतरलेला आणि गाणे तेवढे लांबलेले.

"पण बोर्डावर खरंच २५ चा आहे कशावरून?" मी विचारले.

"त्याच्यावर छापलेलं असतं. पण दिसणार कसं, तांदळाच्या दाण्याएवढा आहे तो."

मी कपाटातून अब्बांचे डोळ्यात धरायचे भिंग काढून दिले. काळ्या कडेचे, एका बाजूला जरा टवका गेलेले. ते त्याने डोळ्यात बसवले, टेबलाचा दिवा जवळ ओढला आणि बोर्ड तिरका धरून बराच वेळ पाहत राहिला. पत्र्याच्या त्या इवल्या टोपणावर २५.००० असे कोरलेले होते. त्याने कागदातल्या सातच्या जागी पाच केला, फाईल पुन्हा आवळली, बोर्ड बंद करून चालू केला. कर्नलला हातही लावावा लागला नाही. गाणे काळी दोनमध्ये आले.

सकाळच्या एस.टी.ने तो पुण्याला गेला. भिंगही त्याच्याबरोबर गेले. मी फोन केला तर म्हणाला, "मामू, इथं अजून तीन बोर्ड बघायचेत."